जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्ग आणि राजनांदगाव यांच्या दरम्यान रसमडा नावाचे एक लहान स्थानक आहे. जवळच भिलाईचा पोलाद कारखाना. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि पुढील काळात या सबंध परिसरात लोखंड-पोलादाच्या आधाराने जगणारे लहानमोठे उद्योग वाढले. रसमड्यालाही औद्योगिक वसाहत आली. नोकरीच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून येथे माणसे आली, त्यांत शेजारच्या विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. १९७०च्या दशकात अशा कुटुंबाने मोटार घ्यावयाची ठरवले, तर त्याच्यापुढे प्रामुख्याने दोनच पर्याय असत. एक, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात तयार होणारी अँबॅसेडर आणि दुसरा, मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी.

पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली. इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी येथे बनू लागली आणि १९७४च्या सुमारास तिला चितोडच्या राणी पद्मिनीचे नाव मिळाले. अनेक घरांत मात्र तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणजे हीच गाडी. २००३ साली नोंदलेल्या अखेरच्या टॅक्सीने वीस वर्षांची वयोमर्यादा गाठली आणि ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून कायमची निघून गेली. खासगी मालकांकडे मात्र अशा गाड्या अजूनही आहेत. कोणाला ती वडिलांची आठवण म्हणून ठेवावीशी वाटते, तर कोणाला दुसरी गाडी घेणे परवडत नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत चालते आणि त्यानंतर तपासणी करून तिचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. म्हणजे जुनी गाडी ठेवावयाची, तर ती निर्दोष ठेवणे भागच आहे.

या पाठात आपण अशा जुन्या गाडीतील दोष कसा शोधावा, याचा विचार करणार आहोत. दुरुस्ती कशी करावी हा वेगळा विषय आहे. तो हाताने शिकण्याचा आहे, वाचून नव्हे. दोष शोधणे हे मात्र बरेचसे विचाराचे काम आहे.

नव्या गाड्यांत संगणक असतो. भारतात एप्रिल २०१०नंतरच्या गाड्यांमध्ये दोषाची नोंद गाडी स्वतःच ठेवू लागली. उपकरण जोडले की दोषाचा क्रमांक पडद्यावर दिसतो. पद्मिनीच्या पिढीतील गाडीत यांपैकी काहीच नाही. तिला बोलता येत नाही, म्हणून तिच्या खाणाखुणा वाचाव्या लागतात. आवाज, वास, दिव्याचा रंग, तारेचा चटका, हीच तिची भाषा. आणि ती भाषा वाचता आली नाही, तर काय होते? मिस्त्री म्हणतो, बॅटरी बदला. ती बदलल्यावर म्हणतो, कॉइल बदला. मग प्लग, मग कार्बोरेटर. एखादा भाग बदलताना अवतीभोवतीच्या तारा हलतात, एखादा जोड योगायोगाने घट्ट बसतो, गाडी चार दिवस नीट चालते आणि सगळ्यांना वाटते की उपाय सापडला. पाचव्या दिवशी मूळ पदावर. मालकाच्या खिशातून महिन्याचा पगार गेलेला असतो आणि मूळचा दोष जागच्या जागी बसलेला असतो. अंदाजाने केलेली दुरुस्ती ही सर्वांत महाग दुरुस्ती होय, असे म्हणण्यास हरकत नाही.

समजा, रसमड्याच्या वसाहतीत काम करणाऱ्या एका गृहस्थांकडे १९८५ सालची पद्मिनी आहे. त्यांच्या तक्रारी अशा : सकाळी सेल्फ मारला की नुसताच ‘टक्’ असा आवाज येतो. रात्री पुढचे दिवे पिवळट जळतात. वेग वाढवला की गाडी मिसिंग करते, म्हणजे इंजिनाचा एखादा ठोका चुकतो व गाडी गचके खाते. आणि मे महिन्याच्या दुपारी राजनांदगावकडे जाताना गाडी वाटेत बंद पडते, अर्ध्या तासाने मुकाट्याने सुरू होते. या चार तक्रारी म्हणजे चार वेगळे दोष आहेत, की एकाच दोषाची चार रूपे? हे ठरवल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

जुने वैद्य नाडी पाहण्यापूर्वी रुग्णाला बोलते करीत. येथेही तेच. तक्रार केव्हापासून सुरू झाली? त्याआधी गाडीत काही नवे बसवले होते का? इंजिन थंड असताना त्रास होतो की तापल्यावर? पावसाळ्यात वाढतो का? चढणीवर होतो की उभ्या गाडीतही होतो? मालकाच्या उत्तरांतच निम्मे निदान असते. फक्त त्याने सांगितलेले लक्षण घ्यावे, त्याने काढलेला निष्कर्ष घेऊ नये. ‘बॅटरी गेली आहे’ हा निष्कर्ष झाला, तर ‘टक् असा आवाज येतो’ हे लक्षण झाले.

प्रथम विजेकडे वळू. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह तारेतून दिव्यापर्यंत किंवा सेल्फपर्यंत जातो आणि परत ऋण टोकाला येतो. जाण्यासाठी तार असते, परतीसाठी मात्र वेगळी तार नसते. गाडीचा लोखंडी सांगाडा हाच परतीचा रस्ता. यालाच गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणतात. इंग्रजी शब्दाचा हा उच्चार मराठी कानाला गंमतीचा वाटतो. ‘दिव्याला अर्थ मिळत नाही’ असे मिस्त्री म्हणतो, तेव्हा तो अलंकारिक बोलत नसतो. दिव्याखालचा स्क्रू गंजला आहे आणि परतीचा रस्ता तुटला आहे, एवढेच त्याला सांगावयाचे असते. चाळीस वर्षांच्या गाडीतले विजेचे पुष्कळसे दोष या परतीच्या रस्त्यावरच सापडतात, कारण जाणाऱ्या तारेवर वेष्टण असते, सांगाड्याला मात्र गंज, रंग आणि धूळ यांना उघडेच तोंड द्यावे लागते.

अर्थ तुटला की प्रवाह थांबतोच असे नाही. तो दुसरी वाट शोधतो. उजवीकडे वळण्याची खूण दिली आणि मागचा लाल दिवाही त्याच तालावर मिचकू लागला, तर समजावे की मागच्या दिव्यांचा अर्थ गेला आहे आणि एका दिव्याचा प्रवाह दुसऱ्या दिव्यातून घरी परतत आहे. याहून चमत्कारिक प्रकार सेल्फच्या बाबतीत घडतो. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेले असते, म्हणून इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी एक जाड, विणलेली पट्टी असते. ती तुटली वा गंजली, तर सेल्फचा शंभर-दीडशे अँपिअरचा प्रवाह चोकच्या किंवा एक्सिलरेटरच्या बारीक लोखंडी केबलमधून परतू लागतो. सेल्फ मारताना चोकची दांडी हाताला गरम लागली, तर बॅटरी बदलू नये, आधी ती पट्टी पाहावी. केबल तापून तिचे वेष्टण वितळल्याचीही उदाहरणे घडतात.

येथे एका नेहमीच्या फसगतीकडे लक्ष वेधले पाहिजे. मिस्त्री मीटर लावतो, दिव्याच्या तारेवर पूर्ण बारा व्होल्ट दिसतात आणि तो म्हणतो, ‘तारेत दोष नाही.’ हे तर्कशास्त्र चुकीचे आहे. पाण्याच्या नळाच्या तोंडावर अंगठा दाबून धरला, तर आतील पाण्याचा दाब पूर्ण असतो. पाईप आत कितीही चोंदलेला असला तरी दाब पूर्णच दिसेल. चोंदलेपण कळते ते पाणी वाहू लागल्यावर. तारेचेही तसेच आहे. तिच्या वीस तंतूंपैकी एकोणीस तुटले आणि एकच उरला, तरी प्रवाह वाहत नसताना मीटर बारा व्होल्टच दाखवील.

जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम याने १८२७ साली मांडलेला नियम आपण विज्ञानात शिकलो आहोत : विभवांतर म्हणजे प्रवाह गुणिले रोध. तो येथे लावून पाहू. साठ वॅटचा दिवा बारा व्होल्टवर पाच अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे त्याचा स्वतःचा रोध २.४ ओहम. गंजलेल्या जोडात केवळ अर्धा ओहम रोध निर्माण झाला, तर एकूण रोध २.९ होतो, प्रवाह सुमारे चार अँपिअरवर येतो आणि दिव्याच्या वाट्याला जेमतेम दहा व्होल्ट उरतात. व्होल्ट सहाव्या हिश्शाने घटले, पण प्रकाश जवळजवळ निम्मा होतो आणि पिवळा पडतो. आता सेल्फ पाहा. त्याचा प्रवाह दीडशे अँपिअर धरला, तर ०.०२ ओहम इतका क्षुल्लक रोधही तीन व्होल्ट गिळून टाकतो. म्हणून ज्या जोडातून दिवा बऱ्यापैकी जळतो, त्याच जोडातून सेल्फ फक्त ‘टक्’ म्हणतो.

यावरून परीक्षेची रीत ठरते. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवून सोबत्याला सेल्फ मारावयास सांगावे. दोन्ही जागा एकाच रस्त्यावरच्या आहेत, म्हणून मीटरवर जवळजवळ शून्य दिसले पाहिजे. दोन-तीन दशांश व्होल्टपर्यंत क्षम्य. दोन व्होल्ट दिसले, तर चोर याच रस्त्यावर आहे. मग टोचणी एकेक जोड पुढे सरकवीत न्यावी. ज्या जोडापाशी आकडा एकदम बदलतो, तो जोड दोषी. धन बाजूलाही अशीच परीक्षा करता येते. सेल्फ फिरत असताना खुद्द बॅटरीच्या दोन टोकांमध्ये साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली घसरण झाली, तरच बॅटरीवर संशय घ्यावा. ती शांत असताना पूर्ण भरलेली असेल, तर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना साधारणतः १३.८ ते १४.४. चालू इंजिनावरही आकडा बारा-साडेबाराच राहिला, तर बॅटरी भरणारे यंत्रच काम करीत नाही.

आपल्या गृहस्थांच्या गाडीत इंजिनाची पट्टी गंजलेली निघाली असे धरू. ती घासून घट्ट बसवली की सकाळचा ‘टक्’ जाईल. पिवळे दिवेही त्यामुळेच असतील का? थोडेफार असतील. पण जुन्या गाडीत येथे दुसरेही कारण भेटते, आणि ते अधिक गंभीर आहे. मूळचे दिवे मंद वाटले म्हणून कोणीतरी शंभर वॅटचे हॅलोजन बसवलेले असतात. असे दोन दिवे मिळून सुमारे सतरा अँपिअर प्रवाह घेतात आणि तो सगळा जुन्या बारीक तारेतून व दिव्यांच्या लहानशा बटणातून जातो. बटण तापते, फ्यूज उडतो. दोन-तीनदा फ्यूज उडाला की कोणीतरी त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळतो आणि ‘झाले काम’ म्हणतो. फ्यूज हा गाडीतला एकमेव भाग असा आहे की ज्याने वेळ आल्यावर मोडून पडावे म्हणूनच तो बसवलेला असतो. त्याला मोडू दिले नाही, तर त्याच्याऐवजी तार जळते. इंजिनाच्या खोलीतून चालकाच्या पायांकडे तारांचा जुडगा ज्या भोकातून येतो, तेथील रबरी कडे सुकून गळून पडलेले असते, पत्र्याची धार वेष्टण कापत असते, वरच पेट्रोलची नळी असते. मोटारीला लागणाऱ्या आगीसाठी यापेक्षा अधिक काही लागत नाही. म्हणून जुनी गाडी हाती आली की इतर काहीही पाहण्याआधी फ्यूजची पेटी उघडावी. मोठे दिवे हवेच असतील, तर रिले बसवावा. रिलेमुळे बटणातून अगदी अल्प प्रवाह जातो आणि दिव्यांचा भार वेगळ्या जाड तारेवर पडतो.

बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक सोडावे, जोडताना ते शेवटी जोडावे. धन टोकावर पाना असताना तो सांगाड्याला टेकला आणि ऋण टोक जोडलेलेच असले, तर पाना क्षणात लालभडक होऊ शकतो.

गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, अशीही तक्रार पुष्कळदा ऐकू येते. बॅटरीच्या तारेत अँपिअर-मीटर जोडून सर्व काही बंद असताना प्रवाह पाहावा. सामानाच्या कप्प्यातला पाच वॅटचा दिवा चुकून जळत राहिला, तरी दिवसाला दहा अँपिअर-तास खर्च होतात आणि पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी होते. एकेक फ्यूज काढीत जावे. ज्या फ्यूजबरोबर प्रवाह थांबतो, त्या वाटेवर चोर असतो.

आता गाडीच्या चालीकडे येऊ. पेट्रोल-इंजिनाला तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात हवा व पेट्रोल, पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी ठिणगी. हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण सुमारे पंधरास एक असावे लागते. ठिणगीचे काम तर थक्क करणारे आहे. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ६००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला शंभर ठिणग्या पडाव्या लागतात, त्याही १-३-४-२ या क्रमाने. कॉइल बारा व्होल्टचे काही हजार व्होल्ट करते. पॉइंट नावाचे दोन लहान धातूचे स्पर्श उघडले की ठिणगी पडते. त्यांच्यातील फट अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडी कमी असते. चाळीस रुपयांचा असो वा चारशेचा, पॉइंटला एक फायबरची लहानशी टाच असते. फिरत्या दांड्यावर घासून ती झिजते. टाच झिजली की फट कमी होते, फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते, गाडी ओढ गमावते आणि इंजिन तापते. मालक म्हणतो, ‘इंजिन म्हातारे झाले.’ झिजलेली असते ती टाच.

मिसिंगचे कारण शोधताना एक साधा भेद उपयोगी पडतो. उभ्या गाडीत इंजिन थरथरते, पण वेगात नीट चालते, तर बहुधा कार्बोरेटरच्या खालून चोरटी हवा आत शिरत असते. मंद गतीत तिचा वाटा मोठा ठरतो, वेगात तो नगण्य होतो. याउलट उभी गाडी शांत, पण वेगात दम तोडते, तर पेट्रोल कमी पडत आहे. गाळणी किंवा जेट पाहावा. आणखी एक खूण अशी की पेट्रोल कमी पडले तर गाडी हळूहळू मरते, ठिणगी गेली तर दिवा विझावा तशी एकदम. रसमड्यासारख्या ठिकाणी धुळीचा विचार वेगळा करावा लागतो. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर आणि प्लगच्या तारांवर धुळीचा थर साचतो. कोरडा असेपर्यंत तो निरुपद्रवी असतो. पहिला पाऊस आला, ओल धरली, की उच्च दाबाची वीज प्लगकडे जाण्याऐवजी त्या थरावरून पळते. अशा गाडीचे बोनेट रात्री अंधारात उघडून पाहावे. तारांवर निळसर ठिणग्यांची सरपट दिसते. कोरड्या फडक्याने हा दोष जात असेल, तर नव्या प्लगचा खर्च कशाला?

राहिली दुपारी बंद पडणारी गाडी. या भागात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांच्या आसपास जातो, इंजिनाजवळ तर त्याहून पुष्कळ अधिक. पद्मिनीचा पेट्रोल-पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. नळीतील पेट्रोलची वाफ झाली की पंप वाफच ओढत राहतो. पण तापलेली कॉइलही नेमके हेच लक्षण दाखवते : तापली की बंद, निवली की चालू. दोन्ही रोग एकसारखे दिसतात, म्हणून अर्धा तास सावलीत बसून राहणे ही निदानाची संधी घालवणे होय. गाडी बंद पडली त्याच क्षणी पाहिले पाहिजे. एक्सिलरेटर हलवून कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची पिचकारी उडते का, ते पाहावे. जास्तीचा प्लग तारेला लावून, वेष्टण असलेल्या चिमट्याने इंजिनाच्या धातूवर टेकवून, पेट्रोलपासून दूर, सेल्फ मारावा. कडकडीत निळी ठिणगी आली आणि पिचकारी उडत नसेल, तर दोष पेट्रोलच्या वाफेचा. पंपावर ओले फडके ठेवताच गाडी सुरू झाली, तर निदान पक्के झाले. पिचकारी आहे पण ठिणगी नाही किंवा ती पिवळट व मरतुकडी आहे, तर कॉइल आणि कंडेन्सर तपासावेत. पॉइंटचे तोंड काळेनिळे जळलेले असेल, तर संशय कंडेन्सरवर अधिक.

अलीकडे या यादीत एका नव्या कारणाची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस येऊ लागले आणि पुढे ते देशभर पसरले. इथेनॉलच्या ज्वलनास पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. नव्या गाडीतील संगणक त्यानुसार इंधनाचे प्रमाण बदलतो. कार्बोरेटरचा जेट म्हणजे पितळेतले ठरावीक भोक. ते कसे बदलणार? हवेचा वाटा अधिक होतो आणि गाडी पाय दाबताच क्षणभर अडखळते. शिवाय जुन्या काळचे रबर या इंधनाला नेहमीच टिकत नाही. पंपाचा पडदा आणि नळ्या मऊ पडतात, तडकतात. म्हणून पेट्रोलचा वास आला, तर तो जुन्या गाडीचा स्वभाव समजून सोडून देऊ नये. गाडी चालू न करता आधी नळ्या पाहाव्यात आणि या इंधनास टिकणाऱ्या नव्या घालाव्यात.

दोष गेला असे केव्हा म्हणावयाचे? गॅरेजच्या दारात, संध्याकाळच्या गार वाऱ्यात गाडी सुरू झाली, यावरून दुपारच्या दोषाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. ज्या परिस्थितीत तक्रार दिसली, त्याच परिस्थितीत परीक्षा घ्यावी. सकाळच्या ‘टक्’साठी गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी. पावसातल्या मिसिंगसाठी ओल्या दिवशी. आणि वाटेत बंद पडणाऱ्या गाडीसाठी, भर दुपारी दोन वाजता, दुर्गहून रसमड्यावरून राजनांदगावपर्यंत आणि परत, मीटर, जास्तीचा प्लग, ओले फडके आणि पिण्याचे पाणी सोबत घेऊन.